‘वर्षावन’वाले प्रतापराव

प्रतापरावांची मगर मला पहिल्यांदा भेटली तेव्हा ती नऊ फुटांची होती. गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत ज्येष्ठ नागरिकांची मासिक सभा होती आणि चहा यायला उशीर होता, तेवढ्या वेळात ती नदीतून बाहेर आली. पुढच्या वर्षी एका महाविद्यालयाच्या सभागृहात ती अकरा फुटांची झाली. गेल्या हिवाळ्यात एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनी तिने चौदा फूट गाठले. मगर आयुष्यभर वाढते असे मी वाचले आहे. पण ही मगर प्रतापरावांनी फार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने मारलेली होती, आणि मेल्यानंतर इतकी वाढलेली मगर माझ्या वाचनात नाही.

मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो, त्यामुळे वाचनाचा उल्लेख माझ्या तोंडी वारंवार येतो. त्याबद्दल प्रतापराव मला ‘कागदी माणूस’ म्हणत. ते स्वतः जग पाहिलेले माणूस होते. पापुआ न्यू गिनीत, समुद्रापासून नदीने दोन दिवस आत, घनदाट जंगलातल्या एका गावात त्यांनी आठ वर्षे काढली होती. एका परदेशी लाकूड कंपनीत ते ग्रामसंपर्क अधिकारी होते. तिथे जंगल सरकारचे नसते, गावातल्या कुळांचे असते. ते कंपनीला तोडू द्यायला आमची हरकत नाही, असे त्या कुळांकडून लिहून घेणे म्हणजे ग्रामसंपर्क. व्याख्यानात ते हे इतक्या उघड्या शब्दांत सांगत नसत. ‘मी त्यांचं भवितव्य घडवत होतो,’ असे म्हणत.

त्यांचा बंगला माझ्या घरासमोर आहे. नाव ‘वर्षावन’. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरे. त्या प्लॉटवर पूर्वी एक मोठा कडुनिंब होता. त्याचा पाला गाडीवर पडतो म्हणून तो पाडला, आणि मग फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत फरशी घातली. मातीचा कण दिसू नये अशी. फाटकाच्या दोन बाजूंना प्लॅस्टिकचे दोन ताड आहेत. दर रविवारी प्रतापराव ओल्या फडक्याने त्यांची पाने पुसत. वर्षावनाची एवढी निगा राखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बोलताना कपाळावर बोट ठोकायची त्यांना सवय होती. ‘इथं सगळं साठवलेलं आहे, ग्रंथपालसाहेब. तुमची पुस्तकं वाळवी खाते. मला सगळं आठवतं.’ आणि आठवायचेही. कुठला पाहुणा कधी रिकाम्या हाताने आला, कुणाच्या लग्नात आपल्याला कितव्या रांगेत बसवले, वर्गणीच्या पावतीवर आपल्या नावामागे ‘श्री.’ लावायला कोण विसरला. फक्त मगरीच्या बाबतीत ही स्मरणशक्ती वर्षाला दोन-तीन फुटांनी सरकत असे.

व्याख्यानाचे नाव ठरलेले होते : ‘पापुआतील एक दुर्गम गाव : जीवन आणि भवितव्य’. मी ते सहा वेळा ऐकले. एकदा आवडीने, पाच वेळा शेजारधर्माने. पडद्यावर चित्रे सरकत आणि ते हातात छडी घेऊन उभे राहत. जीवन या भागात खांबांवर उभी घरे येत, खाली चिखलात डुकरे. बायका दलदलीत कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून ताडासारख्या एका झाडाचा गाभा झोडपत. तो भुगा धुऊन, गाळून, तळाशी बसलेले पांढरे पीठ पानात भाजून खात. हा आपल्या साबुदाण्याचा मूळ पूर्वज, असे सांगून प्रतापराव थांबत आणि म्हणत, ‘म्हणजे बघा, त्यांची रोजच एकादशी. पण पुण्य शून्य.’ सभागृह हसे. साबुदाण्याची खिचडी तीन वाट्या खाऊन देवावर उपकार करणारी माणसे दुसऱ्याच्या साबुदाण्याला हसताना मी सहाही वेळा पाहिली.

त्या हशांच्या मधूनमधून खरे गाव दिसून जाई, हे मात्र कबूल केले पाहिजे. शाळा होती, मास्तर पगार आणायला नदीने गेले ते पुढच्या पावसाळ्यात परतले. दवाखाना होता, कुलूपही होते. किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस शहरात स्थायिक झाला होता. अडलेली बाई होडीतून न्यायची तर इंजिनाला पेट्रोल हवे, आणि पेट्रोल सोन्याच्या भावाने मिळे. मुले शिकायला गेली की परत येत नसत, आणि जी परत येत ती काही न शिकता येत. अशा गावात कुणी येऊन रस्ता देतो, दवाखाना देतो, शाळेला पत्रे देतो म्हणाले, तर माणसे ऐकून घेणारच.

जीवनाला चाळीस मिनिटे लागत. भवितव्य तीन मिनिटांत आटोपे. त्यात एकच चित्र होते : जंगल चिरत गेलेला लाल, रुंद रस्ता. एकदा मी विचारले, हा जातो कुठे?

‘जंगलातून नदीच्या धक्क्यापर्यंत.’

‘आणि दवाखान्याकडे?’

‘त्या दिशेला लाकूड नव्हतं,’ प्रतापराव म्हणाले. आठ वर्षांच्या अनुभवाचे सार त्यांनी नकळत चार शब्दांत सांगितले होते. पण ते त्यांना कळले नाही, आणि चहा आला.

त्या गावातल्या कुणीतरी एकदा त्यांना मोबाइलवर निरोप पाठवला. तो त्यांनी इंग्रजीतून मराठी करून अख्ख्या कॉलनीला वाचून दाखवला. रस्त्यावरचा पूल पडला आहे, ओढ्याचे पाणी पिण्यासारखे राहिले नाही, तुम्ही कधी येता? मोबाइल छातीशी धरून ते म्हणाले, ‘अजून वाट बघतात माझी.’ वाट बघतात यात मलाही शंका नव्हती.

त्यांच्या दिवाणखान्यात एक मोठी तसबीर आहे. व्याख्यानातही तेच चित्र येई आणि तिथे छडी दोनदा आपटली जाई. कंपनीने गावाला जेवण दिले त्या दिवसाची ती तसबीर. सात डुकरे कापली होती. पुढे एक हडकुळा म्हातारा उभा आहे, हातात मांसाचा मोठा वाटा, शेजारी तरुण प्रतापराव हसत आहेत. ‘हा त्यांचा सगळ्यात हट्टी म्हातारा. याच्या कुळाकडं निम्मं जंगल. पण वाटा घेतला. तिथं वाटा घेतला म्हणजे करार झाला.’ म्हाताऱ्याचे नाव ते कधी सांगत नसत. सगळे आठवणाऱ्या माणसाला तेवढे नाव आठवत नसावे, असे मी समजत होतो.

नाव मला कळले ते त्यांना डेंग्यू झाला तेव्हा. शेजारधर्म म्हणून मी दुपारी पपई घेऊन गेलो. ते तापातून उठले होते, दाढी वाढली होती आणि व्याख्यान द्यायला अंगात बळ नव्हते. त्यामुळे पहिल्यांदाच ते बोलले. म्हणाले, तिथे मला असाच ताप आला होता. कंपनीचा डॉक्टर धक्क्यावर. ओवाईने मला अकरा दिवस त्याच्या घरी ठेवले. पाणी पाजले, पाय चोळले.

ओवाई कोण, मी विचारले. त्यांनी हनुवटीने तसबिरीकडे दाखवले.

मग उरलेली गोष्ट बाहेर आली. त्या गावात चारचौघांत, पाहुण्याच्या तोंडावर, पाहुण्याने दिलेले नाकारायची पद्धत नाही. घ्यायचे. आणि पटले नसेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, ते जसेच्या तसे देणाऱ्याच्या दारावर नेऊन टांगायचे. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी प्रतापरावांनी खोलीचे दार उघडले तर चौकटीला मांसाचा वाटा लटकत होता. न शिजवलेला, न खाल्लेला.

‘मग करार?’

‘फोटो आदल्या दिवशीचा होता,’ ते म्हणाले. ‘कंपनीला फोटो पुरला.’

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘त्यानंतर तीन वर्षं मी तिथं होतो. रोज होडीतनं समोरून जायचा. माझ्याकडं बघून असा जायचा जणू काठावर लाकूड पडलंय. एक शब्द नाही बोलला, ग्रंथपालसाहेब.’ त्यांचे डोळे ओले झाले होते. तापात होतात. मी पपई कापून दिली. आठ दिवसांनी ते बरे झाले आणि एका मंगल कार्यालयात पुन्हा छडी आपटून म्हणाले, वाटा घेतला म्हणजे करार झाला.

हे इतके सांगायचे कारण पुढे आहे.

प्रतापरावांना सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या एका कंपनीने सल्लागार नेमले. कंपनीला सोलरच्या पाट्या मांडायला मोकळी जमीन हवी होती आणि ती प्रतापरावांच्या मूळच्या वाडीवर होती. वाडी पिशोरच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना आधीच पुरेसा त्रास झाला आहे. मोकळी जमीन म्हणजे वाडीचे गायरान. कागदावर ते पडीक होते. पण तीसेक मेंढपाळ घरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या त्या पडीकावर जगत होती, आणि ते गेले तर त्या घरांना मेंढरे विकून कुणाच्या तरी वॉचमनच्या खोलीत राहायला जाण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता. सल्लागाराचे काम ओळखीचेच होते. हरकत नाही, असे लिहून घ्यायचे.

त्या घरांतली मोठी बाई म्हणजे गयाबाई. तिला मी ओळखत होतो. डोळे तपासायला ती शहरात येई आणि प्रतापरावांकडे उतरे, पण बसायला माझ्या ओट्यावर येई. ‘त्याच्या घरात पाय टेकाया जागा नाय, बापू. समदं चकचकीत. मेंढरू बी घसरंल.’ प्रतापरावांच्या वडिलांची मोठी शेती होती आणि उन्हाळ्यात खतासाठी गयाबाईच्या घरची मेंढरे त्यांच्या रानात बसवली जात. बदल्यात धान्य मिळे. तिच्या पाठीमागे रानोमाळ हिंडत, तिच्या टोपल्यातली भाकरी खात प्रतापराव वाढले होते. सगळी कॉलनी ज्यांना साहेब म्हणे त्यांना ती ‘आरं पर्ताप’ म्हणे, आणि ते ओशाळून ‘गयामाय’ म्हणत. त्यांच्या तोंडचा मला सहन होणारा तेवढाच एक शब्द.

एकदा ती त्या तसबिरीसमोर बराच वेळ उभी राहिली. ऑपरेशन झालेला डोळा नवा होता, ती सगळेच नीट पाहत होती. प्रतापराव अभिमानाने करार समजावून सांगू लागले, तर म्हणाली, ‘यानं घेतलंय खरं, पर याच्या मनात नाय. बघ की, अंगापासून लांब धरलंय. खायाचं आसंल तर कुणी आसं धरतंय व्हय?’ प्रतापरावांनी पंखा वाढवला.

वाडीवर त्यांनी ‘ज्येष्ठ मेंढपाळ सत्कार सोहळा’ ठेवला. मला पर्यावरणावर दोन शब्द बोलायला गाडीत घालून नेले. मीही गेलो. सभेत खुर्ची मिळते म्हटल्यावर कागदी माणसे कुठेही जातात. मंडप, माइक, मटणाचे जेवण. हजेरीची वही फिरली, माणसांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. त्या सह्यांच्या वरची जागा कोरी होती, हे मी पाहिले आणि त्याचा अर्थ काढायचे कष्ट घेतले नाहीत. पहिला सत्कार गयाबाईचा. प्रतापरावांनी तिच्या हातात मरून रंगाची शाल दिली, सोनेरी काठाची, आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून हसले. तिने घेतली. भरल्या मांडवात घरी आलेल्याचा हात कोण परत लावील?

परतताना प्रतापराव गाडीत खुशीत होते. म्हणाले, ‘माणूस इथून तिथून एकच हो. फक्त डुकराच्या जागी शाल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उचलायला बाहेर आलो तर गयाबाई ‘वर्षावन’च्या फाटकाशी उभी होती. पहिल्या एसटीने आली होती. तिने पिशवीतून शाल काढली, दोन प्लॅस्टिकच्या ताडांच्या मधोमध फाटकाच्या गजावर टांगली, काठ सरळ केला आणि माझ्या ओट्यावर येऊन बसली.

मी चहा दिला. प्रतापरावांना हाक मारू का, विचारले.

‘नको. त्याच्याशी बोलाया नाय आले. कालच्याला चारचौघात घेतली, त्याचा मान ठेवला. आता त्याचं त्याला दिलं.’ चहा बशीत ओतत ती म्हणाली, ‘रातच्याला मेंढी याली. थंडी लई व्हती. कोकराला गुंडाळली व्हती एक रात. तेवढाच उपेग झाला.’

तिला पापुआतली ती रीत कुणी सांगितली नव्हती. प्रतापरावांनी मांस परत आल्याची गोष्ट माझ्याखेरीज कुणाला सांगितली असेल असे मला वाटत नाही. ती आपल्या रीतीने वागली होती, एवढेच.

ती गेल्यावर प्रतापराव बाहेर आले. शाल पाहिली आणि थांबले. फाटकापासून चार पावलांवर ते किती वेळ उभे होते हे मी घड्याळ लावून पाहिले नाही, पण माझा अग्रलेख वाचून झाला. मग त्यांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिले, शाल काढली, मूळच्या घड्यांवर घडी घातली आणि गाडीची डिकी उघडून आत ठेवली. तिथे उरलेल्या शाली होत्या. पुढच्या सत्काराला उपयोगी पडतात.

आठवड्याने तालुक्याच्या कचेरीत सुनावणी लागली. गयाबाईने हरकत घेतली होती. अर्ज मी लिहून दिला होता. पर्यावरणावरच्या माझ्या दोन शब्दांचे प्रायश्चित्त म्हणा. अधिकारी तरुण बाई होत्या, समोर कागदांचा ढीग. प्रतापरावांनी तीन गोष्टी ठेवल्या : गायरान द्यायला संमती असल्याचा ठराव, त्याखाली सह्या, आणि फोटो. फोटोत गयाबाई शाल घेत होती. हरकत घेणाऱ्या बाई स्वतः कार्यक्रमाला हजर होत्या, सत्कार स्वीकारला, आणि आता कुणाच्यातरी सांगण्यावरून उलटल्या, असे ते म्हणाले. म्हणताना माझ्याकडे पाहिले.

अधिकारी बाईंनी गयाबाईला विचारले, शाल घेतली होती का?

‘घेतली.’

‘मग?’

‘दुसऱ्या दिवशी माघारी दिली, बाई. शाल घेतली व्हती, रान नाय दिलं. शाल बी आता त्याच्याकडंच हाय.’

बाई प्रतापरावांकडे वळल्या. शाल परत मिळाली का, एवढेच विचारले. सोपा प्रश्न होता. त्यांनी कपाळाला बोट लावले, सवयीने. मग बोट खाली आले.

‘आठवत नाही,’ प्रतापराव म्हणाले.

सहा व्याख्यानांत मला जे सहन करता आले होते ते या दोन शब्दांत आले नाही. मी उभा राहून म्हणालो की शाल यांच्या गाडीच्या डिकीत आहे, मी ठेवताना पाहिले आहे. तुम्ही कोण, असे विचारले गेले. शेजारी, म्हणालो. बाईंनी प्रतापरावांकडे किल्ली मागितली. ती न देण्याचे कारण त्यांना पटकन सुचले नाही. शिपाई गेला आणि दोन्ही हातांवर घड्या घेऊन परतला.

‘मॅडम, पाच शाली आहेत. सगळ्या एकसारख्याच.’

प्रतापराव हसले. तेच तसबिरीतले हसू. म्हणाले, या सत्काराच्या शिल्लक राहिलेल्या आहेत, नव्याकोऱ्या.

गयाबाई बाकावरून उठलीही नाही. ‘वास घ्या,’ ती म्हणाली. ‘माझ्या शालीत कोकरू निजलं व्हतं.’

शिपायाने अधिकारी बाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. मग तो सरकारी माणूस टेबलावर शाली मांडून एकेकीला नाक लावू लागला. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीला त्याने मान झटकन मागे घेतली आणि घडी उलगडली. आत वाळलेले डाग होते आणि बारीक, पांढरी, कुरळी लोकर काठाला चिकटलेली होती. मागे उभे असलेले मेंढपाळ हसले नाहीत. आपले जनावर ओळखल्यासारखे त्यांनी फक्त पाहिले.

आदेश लहान होता. फोटो संमती म्हणून धरता येत नाही. ग्रामसभा पुन्हा घ्यावी, आधी ठराव मोठ्याने वाचावा, मग सह्या. तोवर गायरान आहे तसे राहील. हा विजय नव्हे. पुन्हा विचारा, इतकेच कुणीतरी म्हटले होते. पण त्या जमिनीबद्दल त्या माणसांना विचारावे असे कुणाला वाटल्याची ती पहिलीच वेळ.

बाहेर अंगणात ऊन होते. प्रतापराव गाडीपाशी उभे होते, डिकी उघडी. गयाबाई एसटी गाठायला निघाली. तिची वाट त्यांच्यापासून दोन हातांवरून जात होती. ते पुढे झाले. ‘गयामाय, ऊन लई आहे. चल, गाडीनं सोडतो,’ म्हणाले. साहेबी मराठी त्यांच्या तोंडून गळून पडली होती.

तिने त्यांच्याकडे पाहिले. नाही असे नाही. पाहिले, आणि रस्त्यात एखादे लाकूड पडलेले असावे तशी पदर सावरत ती बाजूने निघून गेली. नवा डोळा चांगला होता तिचा.

मीही तिच्या मागोमाग निघालो. मला परतीच्या गाडीत घेतील अशी आशा नव्हती. कोपऱ्यावरून वळून पाहिले. शिपाई येऊन ती चौथी शाल त्यांच्या हातात देऊन गेला होता. उरलेल्या चार डिकीत गेल्या होत्या. ही त्यांनी आत टाकली नव्हती, खांद्यावर घेतली नव्हती, घडीही घातली नव्हती. कचेरीच्या अंगणात भर उन्हात प्रतापराव ती धरून उभे होते, अंगापासून लांब.